परत आलेली शाल

कौतुक करून करून माझी जीभ झिजली आहे. हे मी उगीच म्हणत नाही. मागच्या वर्षी दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात दिवा धरला आणि आत बघतच राहिले. शेवटी म्हणाले, "काय काम करता री तुम्ही?" आमच्याकडे आदराने बोलताना 'री' येतंच. मी म्हणालो, "दाजीबानपेठेत शालींचं दुकान आहे, आणि सत्काराला भाषणं करतो." ते म्हणाले, "मग बरोबर आहे," आणि हात धुवायला गेले. त्यांच्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला मीच बोललो होतो. सासरे बँकेत कारकून होते. मी त्यांना कुबेराच्या मांडीला मांडी लावून बसवलं होतं.

हुबळी-धारवाड या जोडगावात सत्कार न झालेला माणूस आता शिल्लक नाही. मागे उणकल तलावाच्या बाजूला एक सापडला होता. मग 'आजवर एकही सत्कार न झालेले ज्येष्ठ नागरिक' म्हणून त्याचाही केला. आधी नको नको म्हणत होता. पेटा, म्हणजे आमच्याकडची पगडी, डोक्यावर चढला तो आता उतरवत नाही, तसाच झोपतो म्हणे.

आमच्याकडच्या सत्काराला चार गोष्टी लागतात. खांद्यावर शाल, डोक्यावर म्हैसुरी पेटा, गळ्यात चंदनाच्या ढलप्यांचा हार आणि मांडीवर पिवळ्या चकचकीत कागदात बांधलेली फळांची करंडी. करंडीत वर सफरचंदं असतात आणि खाली गवत. एका निवृत्त स्टेशनमास्तरांना घरी जाऊन करंडी उघडल्यावर एकच सफरचंद मिळालं होतं. बाकीची गाडी चुकल्यासारखी कुठेतरी मागे राहिली होती. पाचवी गोष्ट म्हणजे मी. माणूस खुर्चीत बसला, वर सगळं चढवून झालं, की मी उभा राहतो आणि अर्धा तास त्याला पर्वतावर चढवतो. कन्नडमध्ये चढवतो, मराठीत उतरवतो, आणि मधे कुठेतरी श्रोत्यांना चहा मिळतो.

शालीचं मात्र वेगळं आहे. सत्काराची शाल कुणी वापरत नाही. हुबळीचा उन्हाळा अंगावरचा शर्ट नकोसा करतो, तिथे शाल कोण घेणार? शिवाय एकेका मोठ्या माणसाच्या कपाटात इतक्या शाली साठतात की दार उघडलं की त्या अंगावर येतात. मग ते लोक हळूच, शक्यतो दुपारी गिऱ्हाईक नसताना, पिशवीत घालून त्या आमच्याकडे आणतात आणि बदल्यात पंचे, चादरी, नातवाला टॉवेल असं नेतात. आम्ही शाल झटकतो, घडी घालतो, परत फळीवर ठेवतो. ती पुन्हा कुणाच्या तरी खांद्यावर जाते. एका डाळिंबी शालीने आमच्या दुकानातून निघून एक मंत्री, दोन वैद्य, एक पैलवान आणि मघाचे स्टेशनमास्तर एवढ्यांना सन्मानित केलं. शेवटी शेवटी तिला इतका सराव झाला होता की नाव पुकारलं की ती आपोआप खांद्याकडे सरकायची. मंत्र्यांनी तर तिला ओळखलं. "ही आमच्याकडे येऊन गेलेली दिसते," असं ते माझ्या कानात म्हणाले.

हे सगळं सांगताना पूर्वी मला मजा यायची. आता दमायला होतं.

मी बोलायला लागलो तेव्हा एखाद्याला 'सज्जन' म्हटलं की पुरायचं. बायकामाणसं डोळ्याला पदर लावायची. पुढे सज्जन म्हटलं की घरचे लोक काळजीने विचारायला लागले, काय, काही बिनसलं का? मग सह्याद्री आणला. सह्याद्री चार-पाच वर्षं चालला. मग हिमालय. आता हिमालय म्हटलं तरी सत्कारमूर्तीची सून माझ्याकडे 'एवढंच?' असं बघते. हिमालयाच्या वर देवाने काही बांधून ठेवलेलं नाही, त्यात माझा काय दोष? त्यात प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये एक वर केलेला अंगठा आला आहे. कुणी मेल्याचं कळवलं तरी लोक चुकून तोच दाबतात. पूर्वीचे राजे खूश झाले की अंगावरचा शेला काढून द्यायचे, गाव तोडून द्यायचे, आणि दिल्यावर त्यांच्या अंगावर शेला नसायचा, खजिन्यात त्या गावचा सारा यायचा नाही. देणाऱ्याचं काहीतरी कमी व्हायचं. मी इतक्या लोकांना हिमालय दिला, माझ्याकडचं टाचणीभरही कमी झालं नाही. तिथेच गोम आहे.

धारवाडला मी तरुणपणी गाणं ऐकायला जायचो. गाण्यातलं कळत नव्हतं, पण ऐकणाऱ्यांना बघायला जायचो. पुढच्या ओळीत एक वकील बसायचे. गवई चांगला असला की ते मांडीवर ताल धरायचे, मान हलवायचे, 'वा' म्हणायचे. आणि फारच चांगलं काही झालं की सगळं थांबवायचे. हात मांडीवर तसाच, मान तशीच. गवई त्या थांबलेल्या हाताकडे बघून गायचा. एकदा तो हात इतका वेळ थांबला की शेजारच्याने नाडी बघितली.

माझी सासुरवाडी अळणावरच्या अलीकडच्या खेड्यात. शेतकरी माणसं. तिथे तोंडाने कौतुक करणं हे चारचौघांत नाकात बोट घालण्यासारखं समजतात. बैलाने दिवसभर काम केलं की संध्याकाळी जू उतरवून सासरे त्याची मान चोळायचे, बराच वेळ, आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी करायचे. जावयाच्या तोंडावर जावयाची स्तुती त्यांनी जन्मात केली नाही. एकदा मी त्यांच्या ज्वारीच्या पिकाची तारीफ केली, अगदी रंगात येऊन, की कणसांच्या वजनाने पृथ्वी एका अंगाला कलली आहे. ते म्हणाले, "दृष्ट लावू नका, जावईबापू," आणि लगेच पोरीला मीठ-मिरच्या आणायला पाठवलं. ती पोरगी म्हणजे माझी बायको. ती अजूनही माझ्याकडे त्याच नजरेने बघते. परवा आमटीला मी म्हणालो, "अशी आमटी त्रिभुवनात होणार नाही." ती म्हणाली, "होय की. आज मीठ घालायचं विसरलंय."

आमच्या घरात कौतुकाची रीत आणखीच कडक होती. अप्पा, म्हणजे आमचे वडील, गादीवर बसायचे आणि आम्ही दोघं भाऊ, मोठा अण्णा आणि धाकटा मी, गिऱ्हाइकापुढे माल उलगडायचो. गिऱ्हाईक गेलं की उलगडलेल्या शालींचा ढीग पडायचा आणि त्यांच्या घड्या घालायच्या. आता तुम्हाला वाटेल, घडी म्हणजे काय एवढं? शाल जमिनीला न लावता, हनुवटीखाली एक टोक धरून, दोन्ही हात पसरून काठाला काठ जुळवायचा. काठ जुळला की जरीची बाजू आत जाते, मधे वळी पडत नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला शाल उघडून दाखवली की ती पाण्यासारखी पसरते. काठ बोटभर सरकला की शाल वर्षभर फळीवर बसून वाकडी होते, आणि ऐन सभेत, खांद्यावर टाकताना, पाठीवर तिरकी रेघ दिसते.

अप्पा आमची प्रत्येक घडी मोडायचे. काही बोलायचे नाहीत. आम्ही घडी घालून ठेवली की तीच शाल उचलायचे, झटकायचे आणि परत घालायचे. रागाने नाही, ओरडणं नाही. दुकानात त्यांच्या हाताखाली जो येईल त्याची घडी मोडायची, ही आमच्या घराण्याची शाळा. चुकलं कुठे ते त्यांच्या हाताकडे बघून शिकायचं. आणि कधी नव्हे ते एखादी घडी जमली, तर ती न मोडता अप्पा स्टुलावर चढायचे आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायचे. ती फळी बहुतेक रिकामीच असायची.

अण्णाची एक घडी तिथे गेली. मी समोर होतो. अप्पांनी शाल हातात घेतली, काठावरून अंगठा फिरवला, स्टुलावर चढले, ठेवली, आणि उतरताना म्हणाले, "अड्डी इल्ल."

कन्नडमध्ये याचा अर्थ एवढाच की अडचण नाही, चालेल. भाजीवालीने टोमॅटो दाखवले तरी आम्ही तेच म्हणतो. पण अप्पांच्या तोंडून ते आलं तेव्हा पेठेतला गोंगाट थांबला, दोन हमाल पोती घेऊन जागच्या जागी उभे राहिले आणि समोरच्या दुकानातली काट्याची सुई हलायची बंद झाली. निदान मला तसं आठवतं. अण्णा दुकानाच्या पायरीवरून उतरला आणि भर उन्हात सरळ घरी चालत गेला, अनवाणी. चपला पायरीखाली तशाच. मी त्या उचलून त्याच्या मागे पळत गेलो. घर येईपर्यंत त्याला पाय भाजल्याचं कळलं नव्हतं.

माझी घडी त्या फळीवर कधी गेली नाही. अप्पा गेल्यावर माझ्या घड्या अण्णा मोडायला लागला, ते परवापरवापर्यंत. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी घडी घालायचो तेव्हा माझं लक्ष रविवारच्या भाषणात असायचं.

मग अण्णाच्या बोटांचं सुरू झालं. साखरेचं दुखणं जुनं होतंच. बोटं हळूहळू बधिर झाली. तो म्हणायचा, "कापड धरलं की हातमोजे घालून धरल्यागत वाटतं." शाल हातातून निसटायला लागली. एकदा गिऱ्हाइकाच्या चहात पडली. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बेळगावात होती, ती किती दिवस म्हणत होती, अण्णा इकडे या. शेवटी अण्णाने ठरवलं. महिनाअखेरीला जायचं.

ही बातमी पेठेत फुटली आणि आमच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर झाले. सेक्रेटरी म्हणजे भांड्यांचे होलसेल व्यापारी, आवाजही तसाच. मला डोळा घातला आणि अण्णाला म्हणाले, "अण्णारी, एक शाल दाखवा. सत्काराला पाहिजे."

"कुणाचा?" अण्णाने विचारलं.

"आहेत एक मोठे माणूस."

"किती मोठे?"

सेक्रेटरींनी छताकडे बघितलं. "आपल्यातलेच."

"मग ही न्या," म्हणून अण्णाने मधल्या फळीवरची एक तपकिरी, साधारण शाल काढली.

"जरा भारी दाखवा की. ती निळी?"

"कशाला उगीच? माणूस काय ती वापरणार आहे? महिन्याभरात परत आणून देतोय बघा. सत्काराला एवढी पुरे."

मी शालींच्या गठ्ठ्यामागे तोंड लपवून बसलो होतो. अण्णाने स्वतःच्या सत्काराची शाल स्वतः निवडली, तीही हलकी, आणि वर गिऱ्हाइकाचं नुकसान टाळल्याचं समाधान घेऊन चहा प्यायला.

दोन दिवसांनी सेक्रेटरी पत्रिका घेऊन आले तेव्हा त्याला कळलं. शालीचं नाही, सत्काराचं. येत्या रविवारी सकाळी, कोप्पीकर रोडवरच्या माडीवरच्या हॉलमध्ये. प्रमुख भाषण माझं. अण्णाने पत्रिका उलटसुलट बघितली आणि गादीखाली सारली. सेक्रेटरी गेल्यावर म्हणाला, "तम्मा, तू बोलणार?"

धाकट्या भावाला आमच्याकडे तम्मा म्हणतात. मी साठीचा झालो तरी तम्माच.

"मग कोण बोलणार?" मी म्हणालो. "तुझ्यासाठी तर मी हिमालयाच्या वरचं काहीतरी शोधून काढतो."

"नको."

"का?"

"तुझ्या शब्दांचा भाव मला ठाऊक आहे. चाळीस जणांना तेच घालतोस, शालीगत." अण्णा बोटं चोळत होता. ती चोळून उपयोग नव्हता, पण सवय लागली होती. "हे बघ. अप्पा गेल्यावर मला खरं सांगणारं कुणी राहिलं नाही. गिऱ्हाईक गोड बोलतंय, त्याला सूट पाहिजे. तू गोड बोलतोस, तुझा तो धंदाच. आता मी बेळगावला जाऊन टीव्हीसमोर बसणार. जायच्या आधी एकदा मला कळू दे, माझं काम बरं होतं की नव्हतं. तू रोज बघितलंयस, तू सांग. पण खरं सांग. खोटं एक वाक्य आलं तर खुर्चीवरून उठून घरी जाईन, पेट्यासकट."

"भर सभेतून?"

"भर सभेतून."

तो जाणार हे मला माहीत होतं. अण्णा बोलल्याप्रमाणे करतो. हा त्याचा मोठा दोष आहे.

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट गेला. एरवी मी भाषणाची तयारी करत नाही. माइकसमोर उभं राहिलं की आपोआप येतं, नळाला येतं तसं. आता कागद घेऊन बसलो. 'आमचे अण्णा म्हणजे वस्त्रव्यवसायातले भीष्म' असं लिहिलं आणि खोडलं. भीष्माने शाली विकल्याचं कुठे आलेलं नाही, शिवाय अण्णाचं लग्न झालं होतं. 'त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही' लिहिलं आणि खोडलं. कापडाच्या एजंटांना त्याने इतक्यांदा दुखावलं आहे की ते आमच्या गल्लीतून डोक्यावर पिशवी धरून जातात. 'त्यांच्यामुळे दुकान भरभराटीला आलं' यावर बराच वेळ थांबलो. दुकान भरभराटीला आलेलं नाही. ते आहे तिथे आहे. शेवटी कागद दोन्हीकडून काळा झाला आणि त्यातलं एक वाक्य जिवंत राहिलं, ते म्हणजे 'नमस्कार'.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "ताप आलाय का?"

"अण्णावर खरं बोलायचं आहे."

"मग बोला की."

"कसं बोलतात?"

तिला हसू आलं, पण हसली नाही. म्हणाली, "भावोजींनी काय केलं तेवढं सांगा आणि खाली बसा. कसं केलं ते नका सांगू. तुम्ही 'कसं' म्हणायला लागलात की थांबत नाही."

रविवारी हॉल भरला होता. माझं भाषण म्हणून काही लोक मुद्दाम आले होते, जत्रेत उंच पाळणा बघायला येतात तसे. अण्णा खुर्चीत बसला. पेटा त्याला मोठा झाला, भुवयांपर्यंत खाली आला. हार घातला, करंडी मांडीवर ठेवली. मग सेक्रेटरींनी शाल उलगडली, आणि अण्णाने ती बघितली. मी बाजूलाच होतो. आधी त्याने काठ बघितला, मग सेक्रेटरींकडे, मग माझ्याकडे. आपण काय केलं ते त्याला कळलं. ओठ एवढेसे हलले. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ठाऊक असतं तर निळी दिली असती."

सेक्रेटरींनी माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर गेलो. आता सांगतो, जिभेला माझं ऐकायची सवय नाही. तोंड उघडलं आणि आपोआप आलं, "या उत्तर कर्नाटकाच्या पुण्यभूमीवर, जिथे सह्याद्रीचे कडे आणि..."

अण्णाने करंडी खाली ठेवली आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले.

मी थांबलो. माइकने एक शीळ घातली. पुढच्या ओळीतले व्यापारी पुढे झुकले, कारण मी थांबलेला त्यांनी कधी बघितला नव्हता. मला बायको दिसली, चौथ्या ओळीत. तिने हाताने खाली बसा अशी खूण केली नाही, पण करेल असं वाटत होतं.

"अण्णाने दुकानात शालींच्या घड्या घातल्या," मी म्हणालो. "रोज. मी घातलेल्या घड्या मोडल्या आणि परत घातल्या. त्यामुळे गिऱ्हाईक आलं असं मी म्हणत नाही, मला ठाऊक नाही. दुकान वाढलं नाही. पण आमच्याकडची शाल उघडली आणि पाठीवर तिरकी रेघ निघाली, असं कधी झालं नाही."

"झालं होतं," अण्णा खुर्चीतून म्हणाला.

सगळ्या माना खुर्चीकडे वळल्या.

"एकदा," अण्णा म्हणाला. "धारवाडच्या लग्नात. नवऱ्याच्या मामाला."

"एकदा झालं होतं," मी माइकमध्ये म्हणालो.

हॉल हसला. मोठ्याने हसला, बाकं वाजवून. मी भाषणांत इतके विनोद पेरले, इतका हशा मला कधी मिळाला नाही. अण्णाने हात खुर्चीवरून उचलून परत मांडीवर घेतले. तो बसून राहिला. मला पुढे काही सुचेना, म्हणून नमस्कार केला आणि खाली येऊन बसलो. सेक्रेटरींना वाटलं माइक बंद पडला. त्यांनी येऊन तो दोनदा ठोकला. टाळ्या पडल्या, पण अशा की कुणीतरी सुरू केल्या आणि बाकीच्यांना ते बरं वाटेना म्हणून त्यांनीही वाजवल्या. शेजारचे एक गृहस्थ माझ्या कानाशी लागून म्हणाले, "तब्येत बरी नाही का री?"

फोटोच्या वेळी अण्णा शाल काढायला लागला. फोटोवाला म्हणाला, "अंगावर असू द्या री, अण्णारी, शोभा येते."

"घडी बिघडतीय," अण्णा म्हणाला, पण ठेवली.

बायको करंडी घेऊन पुढे घरी गेली, जेवणाचं बघायला. अण्णाचा चष्मा आणि एक पितळी डबा दुकानात राहिले होते, ते घ्यायला आम्ही दोघं रिक्षाने पेठेत आलो. रविवार, दुपार, सगळी शटरं खाली. दाजीबानपेठ अशी रिकामी बघितली की ती आपली वाटत नाही. मी शटर अर्धं वर केलं. पायरीखाली चपला काढून आम्ही आत वाकून शिरलो. आत शालींचा आणि डांबरगोळ्यांचा वास होता.

अण्णा गादीवर बसला. पेटा काढून बाजूला ठेवला. कपाळ पुसून म्हणाला, "तू सांगितलंसच नाही."

"काय?"

"घड्या घातल्या म्हणालास. रेघ निघाली नाही म्हणालास, तीही एकदा निघाली होती. बऱ्या होत्या की नव्हत्या, ते राहिलंच."

मी काहीतरी बोलणार होतो. तोंडात हिमालयापर्यंत सगळं जमा झालं होतं. पण मी इतका दमलो होतो की ते परत गिळायलाही फार कष्ट पडले नाहीत.

अण्णाने खांद्यावरची शाल काढली. "घे, फळीवर ठेव. विकायला होईल. मी म्हटलं नव्हतं, महिन्याभरात परत येतीय? ही तर तासाभरात आली." आणि तो उठून उभा राहिला, शालीचं टोक हनुवटीखाली धरलं, दोन्ही हात पसरले. सवयच ती. काठ बोटांत घेतला. बोटांना काठ कळला नाही. सुटला. परत घेतला. डोळ्यांनी बघून जुळवायला लागला, पण घडी डोळ्यांनी घालता येत नाही; हनुवटीखाली टोक असताना खाली बघायचं कसं? बराच वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला नाही. शेवटी त्याने घडी पूर्ण केली, तळहाताने दाबली आणि माझ्यापुढे धरली.

"काठ जुळले का?"

मी शाल हातात घेतली. काठावरून अंगठा फिरवला. अप्पांसारखा. करायचं म्हणून केलं नाही, आपोआप झालं.

"बोटभर सरकलेत," मी म्हणालो.

"मग मोड."

दुकानाचा नियम तोच होता. समोरच्याची घडी मोडायची, झटकायची, परत घालायची. अण्णाने माझ्या एवढ्या मोडल्या होत्या, एक माझ्या वाट्याला आली होती. तो माझ्या हातांकडे बघत होता. मी शाल तशीच धरून कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. वर चढलो. गुडघा वाजला. सगळ्यात वरच्या फळीवर धूळ होती, ती हाताने पुसली आणि शाल तिथे ठेवली.

"अरे, काय करायलास?" अण्णा म्हणाला. "वाकडी होईल ती. विकायची नाही?"

"नाही."

"काठ सरकलेत म्हणालास की."

"सरकलेत. अड्डी इल्ल."

मी पाठमोराच होतो. खाली उतरायला भिंतीचा आधार घ्यावा लागला, त्यामुळे त्याचं तोंड बघायला वेळ लागला. उतरेपर्यंत तो दुकानात नव्हता. चष्मा आणि डबा तिथेच होते. शटरखालून वाकून तो बाहेर गेला होता.

मी डबा काखेत घेतला, चष्मा खिशात घातला, पंखा बंद केला. बाहेर येऊन शटर ओढलं, कुलूप लावलं आणि चपला घालायला खाली बघितलं. पायरीखाली दोन जोड होते. पेठेच्या टोकाला, तापलेल्या रस्त्यावर, अण्णा अनवाणी उभा होता आणि एका रिक्षाला हात करत होता.

मी त्याच्या चपला उचलल्या आणि निघालो. आता मला पळता येत नाही.